तुटलेल्या मज्जातंतूला विजेची साथ



दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या रानात कापूस फुटू लागला, की जिल्ह्याचे सारे अर्थकारण काही आठवडे माणसाच्या बोटांवर येऊन ठेपते. नांगरणी यंत्राने होते, मळणी यंत्राने होते, रुई आणि सरकी वेगळी करण्याचे काम तर यंत्राने शतकापूर्वीच हाती घेतले. परंतु बोंडातून कापूस वेचण्याचे काम येथे अजूनही हातच करतो. बोंडाच्या वाळलेल्या, टोकदार पाकळ्यांमधून कापूस अलगद ओढून घ्यायचा, तर अंगठा आणि शेजारची बोटे यांची चिमूट नीट जमावी लागते. आणि पाकळीचे टोक कोणते व मऊ कापूस कोणता, हे बोटांच्या अग्रांना न पाहता कळावे लागते. पहिली गोष्ट स्नायूंची, दुसरी स्पर्शाची. दोहोंचा कारभार चालतो तो मनगटातून जाणाऱ्या, पेन्सिलीहून बारीक अशा मोजक्या मज्जातंतूंवर. त्यांतील एक तुटला, तर हात दिसायला धडधाकट राहतो. पण वेचणीतून तो बाद होतो.

मज्जातंतू दुखावण्याचे प्रसंग या जिल्ह्यात दुर्मीळ नाहीत. विळ्याचा घाव मनगटावर बसतो. मळणीयंत्रात हात जातो. बैलगाडीवरून पडून दंडाचे हाड मोडते आणि हाडाला बिलगून जाणारा मज्जातंतू त्यात चिरडला जातो. मोटारसायकलीच्या अपघातात मान एकीकडे व खांदा दुसरीकडे हिसकला गेला, तर मानेतून हाताकडे येणारी मज्जातंतूंची सबंध जुडीच ताणली जाते किंवा मुळापासून उपटली जाते. कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शनाने लहान मुलाचे पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या परिचयाची आहेत. याशिवाय कुष्ठरोग आहे, मधुमेह आहे, आणि फवारणीच्या औषधांची विषबाधा आहे. त्यांचा विचार पुढे येईल.

अशा रुग्णाला रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात पाठविले जाते आणि तेथे त्याच्या हाताला ओल्या कापडाच्या गाद्या बांधून विजेचा सौम्य प्रवाह दिला जातो. गावात त्याला 'करंट देणे' म्हणतात. करंट दिला की बोट उडते. बोट उडाले की घरच्या माणसांचा जीव भांड्यात पडतो. 'मशीनने हात हलतो आहे, म्हणजे हात जिवंत होतो आहे,' असा अर्थ काढला जातो. हा अर्थ कितपत खरा आहे, विजेने मज्जातंतू खरोखर पुन्हा वाढतो काय, आणि चुंबकाने काय साधते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण या समजुतीवरच रुग्ण वेळेवर योग्य ठिकाणी पोचतो की वर्ष-दोन वर्षे भलत्याच वाटेने जातो, हे ठरते.

प्रथम एक शब्दाचा घोटाळा दूर करावयास हवा. आपल्या बोलीत रक्तवाहिनीलाही 'शीर' म्हणतात आणि मज्जातंतूलाही 'शीर' किंवा 'नस'च म्हणतात. घाव बसला, रक्त वाहिले, टाके पडले, रक्त थांबले, कातडी जुळली, की 'शीर जुळली' असे समजून रुग्ण घरी जातो. प्रत्यक्षात रक्तवाहिनी बंद झालेली असते आणि मज्जातंतूची दोन टोके कातडीखाली एकमेकांपासून दूर सरकून पडलेली असतात. बोट बधिर राहिले, तर 'जखम ताजी आहे, येईल हळूहळू' म्हणून महिने जातात. एका शब्दाने किती हात गमावले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मज्जातंतू म्हणजे एक तार नव्हे. ती हजारो सूक्ष्म धाग्यांची जुडी असते. यातील प्रत्येक धागा हा एका जिवंत पेशीचा लांबलचक हात असतो. पेशीचे शरीर पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या लगत, आणि तिचा हात थेट बोटाच्या टोकापर्यंत. हात मध्येच तुटला, तर तुटलेल्या जागेच्या पलीकडचा भाग, मूळ पेशीपासून विलग झाल्यामुळे, मरतो. इंग्रज शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर याने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेतील मज्जातंतू कापून हा ऱ्हास दाखवून दिला, आणि आजही त्यास वॉलरचेच नाव आहे. परंतु धागा मरतो तेव्हा त्याचे आवरण मरत नाही. श्वान नावाच्या ज्या पेशी धाग्याभोवती वेटोळे घालून असतात, त्या मागे राहतात, पडझड साफ करतात आणि रिकाम्या नळीसारखी एक वाट धरून ठेवतात. इकडे मूळ पेशी तुटलेल्या टोकाला नवा कोंब फोडते. कोंबाला ती वाट सापडली, तर तो तिच्यातून पुढे सरकत जातो.

सरकण्याचा वेग? दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. महिन्याला ३ सेंटिमीटर. मनगटाशी तुटलेल्या मज्जातंतूचे धागे बोटाच्या टोकाशी पोचायला सहा महिने लागतात. कोपराशी तुटला तर वर्ष उलटते, आणि खांद्याशी तुटला तर जवळजवळ दोन वर्षे.

तिकडे स्नायूंचे घड्याळ वेगळे चालते. मज्जातंतूचा संबंध तुटलेला स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच वाळू लागतो. दीड ते दोन वर्षांनंतर त्याच्या जागी इतकी चरबी आणि तंतुमय पेशीजाल भरते, की पुढे मज्जातंतू येऊन पोचला तरी त्याला हलविण्याजोगे काही उरलेले नसते. श्वान पेशींनी धरून ठेवलेली वाटही कालांतराने बुजते. म्हणजे ही एक शर्यत आहे: एकीकडे दिवसाला एक मिलिमीटर सरकणारा कोंब, दुसरीकडे वाळत जाणारा स्नायू. वीज, चुंबक, शस्त्रक्रिया, व्यायाम, या साऱ्यांचे मोल या शर्यतीच्या संदर्भातच ठरते.

विजेचा आणि सजीव शरीराचा संबंध माणसाच्या ध्यानी आला, त्याला सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली. इटलीतील बोलोन्या येथील लुईजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायावरील प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला धातूंचा स्पर्श होताच पाय झटका देतो, हे पाहून त्याने प्राण्याच्या अंगात वीज असते असा सिद्धान्त मांडला. व्होल्टाने तो खोडून काढला आणि त्या वादातून १८०० मध्ये विद्युत्‌घट जन्माला आला. वाद व्होल्टा जिंकला खरा. परंतु गॅल्व्हानीचे म्हणणेही सर्वस्वी चुकले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँ याने स्वतःच्या बोटाला कापून घेऊन जखमेतून वाहणारा अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह मोजला. धडधाकट त्वचेच्या आतबाहेर विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो; जखम झाली की तेथे तो दाब गळू लागतो, बंधाऱ्याला भगदाड पडावे तसा. आज असे दिसून आले आहे, की जखमेच्या कडेच्या पेशींना आपण कोणत्या दिशेने सरकून जखम भरावयाची, याची खूण या प्रवाहातूनही मिळते.

या संदर्भात इंग्लंडमधील शेफील्ड येथील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. दारात बोट सापडून लहान मुलांची बोटाची पेरे तुटण्याचे प्रकार कोठेही घडतात. तेथील मुलांच्या रुग्णालयातील सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरांनी १९७४ मध्ये नोंदविले, की शेवटच्या सांध्याच्या पुढे तुटलेले लहान मुलाचे पेर टाके न घालता, नुसते स्वच्छ झाकून ठेवले, तर ते नखासकट पुन्हा वाढून येते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते सहसा घडत नाही. पुढे १९८० मध्ये त्यांनी अँथनी बार्कर या सहकाऱ्यासमवेत अशा भरून येणाऱ्या बोटांतून निघणारा विद्युतप्रवाह मोजला. प्रवाह पेराच्या वाढीला कारण होता, की वाढीबरोबर आपोआप निर्माण होणारी ती केवळ खूण होती, हे त्या मोजणीवरून ठरत नव्हते. तरी शरीर स्वतःच्या दुरुस्तीच्या वेळी वीज वापरते की काय, हा प्रश्न बेडकाच्या पायावरून मुलाच्या बोटापर्यंत आला. हेच बार्कर पुढे दुसऱ्या एका शोधामुळे जगास माहीत झाले. त्याचा उल्लेख चुंबकाच्या ओघात येईल.

आता पुन्हा भौतिकोपचार विभागातील त्या मशीनकडे वळू. त्यातून दोन प्रकारचे प्रवाह मिळतात. एकाचे ठोके अत्यंत तोकडे, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहून कमी. त्यास फॅराडिक म्हणतात. दुसऱ्याचे ठोके शंभरपट अथवा त्याहून लांब. तो गॅल्व्हानिक प्रवाह. तोकडा ठोका मज्जातंतूला जागा करतो आणि मज्जातंतू स्नायूला हलवितो. मज्जातंतूच मेलेला असेल, तर तोकड्या ठोक्याला स्नायू दाद देत नाही. लांब ठोका मात्र थेट स्नायूवर चालतो आणि स्नायू संथपणे, आळस दिल्यासारखा, आकसतो. म्हणूनच 'मशीनने बोट हलले' एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या ठोक्याने हलले, हे पाहावे लागते. तोकड्या ठोक्याने हलले तर मज्जातंतूचे धागे शाबूत आहेत; केवळ लांब ठोक्याने हलले तर ते तुटले आहेत. ही परीक्षा घाव बसल्याबरोबर करून भागत नाही. तुटलेला भाग पुरता निकामी होण्यास काही दिवस लागतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी केलेली परीक्षा विश्वसनीय ठरते. मशीनचा हा तपासणीचा उपयोग लोकांना ठाऊकच नसतो, आणि खरे पाहता तोच तिचा सर्वांत निर्विवाद उपयोग आहे.

उपचार म्हणून पाहिले, तर लांब ठोक्यांचा प्रवाह स्नायूचे वाळणे काही प्रमाणात लांबवितो, असा अनेकांचा अनुभव आहे. परंतु त्याने मज्जातंतू लवकर वाढतो असे सिद्ध झालेले नाही, आणि त्याच्या उपयुक्ततेबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. एका बाजूचे तोंड अचानक वाकडे होते, त्या आजाराचे उदाहरण घ्यावे. 'वारं गेलं' किंवा 'लकवा मारला' म्हणून घाबरलेली माणसे प्रथम करंटचा शोध घेतात. या आजारात दहांपैकी सुमारे सात रुग्ण काहीही न करता पूर्ण बरे होतात. मग ज्याने जे केले त्याला श्रेय मिळते. करंट देणाऱ्याला, जडीबुटीवाल्याला आणि कबूतराचे रक्त चोळणाऱ्यालाही. ज्याचा खरा उपयोग होतो ती स्टेरॉइडची गोळी. परंतु ती पहिल्या तीन दिवसांत सुरू करावी लागते, आणि न मिटणाऱ्या डोळ्याला धूळ व कोरडेपणा यांपासून जपावे लागते. शिवाय तोंडाबरोबर हात किंवा पायही लुळा पडला असेल, तर तो मेंदूचा झटका असतो. तेथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे.

मग विजेने मज्जातंतू वाढतच नाही काय? याचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत बरेच बदलले आहे. कॅनडातील एडमंटन येथे टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मांडीतील मज्जातंतू कापून पुन्हा शिवला, आणि शिवताच त्याच्या मुळाकडील भागाला सेकंदाला २० ठोके या गतीने सौम्य प्रवाह दिला. २००० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: एरवी २५ मिलिमीटर अंतर सर्व चालक धाग्यांना पार करण्यास ८ ते १० आठवडे लागत, प्रवाह दिलेल्या उंदरांत ते ३ आठवड्यांत पार झाले. पुढे त्यांनी असेही दाखविले, की त्यासाठी प्रवाह एकदाच, केवळ एक तास दिला तरी पुरतो.

या निष्कर्षाची खुबी अशी, की कोंबाचा दिवसाला एक मिलिमीटर हा वेग त्यात वाढलेला नव्हता. वाचला तो घुटमळण्याचा वेळ. तुटलेल्या जागेशी सगळे धागे एकाच वेळी पलीकडे उडी घेत नाहीत. काही पहिल्या आठवड्यात ओलांडतात, तर काही महिनाभर अलीकडेच वाट चाचपीत राहतात. नावेची वाट पाहत नदीच्या काठी माणसे खोळंबावीत, तसे. विजेचे ठोके धाग्यातून उलट मुळाकडे जातात आणि मूळ पेशीला दुरुस्तीच्या कामाला लावतात. तेथे वाढीला लागणारी द्रव्ये अधिक तयार होऊ लागतात आणि धागे लवकर निघतात. ठोके मूळ पेशीपर्यंत पोचू दिले नाहीत, तर परिणाम होत नाही, हेही त्याच प्रयोगात पाहण्यात आले. २०१० मध्ये याच गटाने मनगटातील मज्जातंतू दबल्यामुळे शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या काही थोड्या रुग्णांवर ही पद्धत वापरली. शस्त्रक्रियेनंतर तासभर प्रवाह दिलेल्या रुग्णांच्या अंगठ्याच्या स्नायूंशी मज्जातंतूचा संबंध वर्षभरात उत्तम प्रकारे पुन्हा जुळला. न दिलेल्यांत तितकी सुधारणा दिसली नाही. त्यानंतर कोपराच्या व बोटाच्या मज्जातंतूंवरही असे प्रयोग झाले आहेत. ही पद्धत अद्याप सर्वत्र रुळलेली नाही. पण तिच्यातील एक गोष्ट यवतमाळच्या माणसाने आजच लक्षात घ्यावी अशी आहे: या विजेचा उपयोग झाला तो शिवलेल्या किंवा मोकळ्या केलेल्या मज्जातंतूवर. तुटून दूर सरकलेली दोन टोके जगातील कोणतीही वीज एकत्र आणू शकत नाही. ते काम शल्यविशारदाच्या सुईचेच.

हाडांची कथा थोडी वेगळी, आणि तेथेच चुंबकाचा प्रवेश होतो. जपानमधील फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखविले, की हाडावर दाब पडला की त्यात क्षीण वीज निर्माण होते. न जुळणाऱ्या हाडाला बाहेरून वीज पुरविली तर ते जुळेल काय, असा विचार त्यातून आला. न्यूयॉर्कमधील अँड्र्यू बॅसेट यांनी त्यासाठी हाडात तारा न खुपसता, प्लॅस्टरवरूनच तारेची वेटोळी बांधून त्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र सोडण्याची युक्ती काढली. ते यंत्र रुग्णाने दिवसाचे अनेक तास लावून बसावयाचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या अस्थिभंगांसाठी त्याला १९७९ मध्ये मान्यता दिली. महिनोन्‌महिने न जुळलेल्या काही हाडांना त्याचा उपयोग होतो असे मानले जाते. परंतु नडगीच्या ताज्या अस्थिभंगावर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, यंत्र लावलेल्या व नुसते दिखाऊ यंत्र लावलेल्या रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रिया टळण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. तंबाखू ओढणे सोडणे आणि हाड नीट बसवून घेणे, हे उपाय त्यामानाने रुक्ष वाटतात. पण त्यांचा गुण ठाम आहे.

येथे 'बदलते' हा शब्द महत्त्वाचा आहे. सायकलच्या डायनॅमोत चुंबक असतोच. पण सायकल भिंतीला टेकवून ठेवली असता दिवा लागत नाही. चाक फिरले, चुंबकीय क्षेत्र बदलू लागले, की तारेत वीज उपजते. मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच. बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे, कडी आणि गाद्या म्हणजे भिंतीला टेकवलेली सायकल. त्यांतील चुंबक जागच्या जागी स्थिर असतो. त्याने तुटलेला मज्जातंतू किंवा मोडलेले हाड जुळल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, आणि त्यांवर खर्च होणारा पैसा बहुधा बियाण्याच्या किंवा शाळेच्या पैशातून येतो. शेफील्डच्या बार्कर यांनी मात्र डायनॅमोचे चाक फिरविले. १९८५ मध्ये त्यांनी डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणमात्र प्रखर चुंबकीय क्षेत्र सोडून, कवटीला स्पर्शही न करता मेंदूचा भाग उत्तेजित केला आणि हात हलविला. हे तंत्र आज मेंदूपासून स्नायूपर्यंतचा मार्ग तपासण्यासाठी आणि नैराश्याच्या काही रुग्णांसाठी वापरले जाते; पक्षाघातानंतरच्या उपचारातही त्याचे प्रयोग चालू आहेत. तुटलेला मज्जातंतू वाढविण्याचे ते साधन नव्हे.

श्रोतेहो, या जिल्ह्याच्या भोवतालचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. उत्तरेस वर्ध्याजवळ १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी सुरू केलेले दत्तपूरचे कुष्ठधाम; अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन. पूर्वेस वर्धा नदी ओलांडली की वरोड्याला बाबा आमटे यांचे आनंदवन. विदर्भाच्या या पट्ट्यात कुष्ठसेवेची एवढी मोठी कामे उभी राहिली, याचे कारण रोगही येथे मोठा होता. कुष्ठरोगाच्या जंतूचे आवडते ठिकाण म्हणजे वर उल्लेखिलेल्या त्या श्वान पेशी. वाट धरून ठेवणाऱ्याच्याच घरात शत्रू शिरतो. १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम बहुविध औषधोपचारासह राबविला गेला, आणि २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. तथापि रोग नाहीसा झालेला नाही. नवे रुग्ण आजही सापडतात. औषध जंतूला मारते. बधिर झालेला हात औषधाने आपोआप जागा होत नाही. मज्जातंतूची सूज ताजी असताना, म्हणजे बधिरता किंवा अशक्तपणा येऊन सहा महिने होण्यापूर्वी, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू केल्या तर गेलेली शक्ती पुष्कळदा परत मिळते. विलंब झाला आणि बोटे वाकली, तर शाबूत स्नायूची दोरी वळवून घेण्याची शस्त्रक्रिया करता येते. मुंबईत डॉ. नोशिर अंतिया यांनी या शस्त्रक्रियांचे आणि कुष्ठरोग्याला सर्वसाधारण रुग्णालयात मानाने जागा मिळवून देण्याचे मोठे काम केले. अशा शस्त्रक्रियेनंतर वळविलेल्या स्नायूला त्याचे नवे काम शिकविताना विजेच्या ठोक्यांची मदत होते. तेथे करंट हा शिक्षकासारखा असतो.

परंतु बधिर कातडीवर वीज किंवा शेक देताना एक धोका असतो, आणि तो मोठा आहे. चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. गाद्या कोरड्या पडल्या, तारेचे टोक उघडे राहिले, तर कातडी भाजते आणि आधीच्या दुखण्यात न भरणाऱ्या जखमेची भर पडते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही हाच धोका असतो. म्हणून घरी आणलेल्या, फेरीवाल्याकडून घेतलेल्या यंत्राचा प्रयोग बधिर हातापायावर करू नये. ज्यांच्या छातीत हृदयाची गती राखणारे यंत्र बसविलेले आहे, त्यांनी तर विजेच्या व चुंबकाच्या उपचारापूर्वी डॉक्टरांना ते आवर्जून सांगितलेच पाहिजे.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. चर्चा झाली ती मृत्यूंची, आणि ते योग्यच होते. तथापि या विषांचा एक उशिरा दिसणारा परिणामही वैद्यकास माहीत आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त काही कीटकनाशकांच्या बाधेतून माणूस वाचतो, घरी येतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या पोटऱ्या दुखू लागतात, पायांना मुंग्या येतात, पाऊल उचलेनासे होते. लांबच लांब धागे टोकाकडून वाळत येण्याचा हा प्रकार होय. त्यावर विजेचा जादूचा ठोका नाही. पावलाला आधार देणारी पट्टी, सांधे आखडू न देणारा रोजचा व्यायाम आणि महिनोन्‌महिन्यांचा धीर, यांवरच भिस्त ठेवावी लागते. मशीन असलीच तर त्यांच्या जोडीला. विषबाधेतून उठलेल्या माणसाचे पाऊल महिन्याभरात फरपटू लागले, तर तो 'अशक्तपणा' नसून तपासणीचा विषय आहे, एवढे घरच्या बायामाणसांना ठाऊक असावे.

यवतमाळ येथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. पलीकडे वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालये आहेत. झरी-जामणीच्या किंवा महागावच्या टोकावरील खेड्यातून तेथे पोचण्यास दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि करंटसाठी रोज येणे तर कोणाही मजुराला शक्य नसते. म्हणून जाणते भौतिकोपचारतज्ज्ञ आता मशीनपेक्षा घरी करावयाचे व्यायाम शिकविण्यावर अधिक वेळ देतात: निकामी बोटे दुसऱ्या हाताने दिवसातून अनेकदा सरळ करणे, तेल लावून कातडी मऊ राखणे, चुलीवरील भांडे बधिर हाताने न धरणे, रात्री बोटांना खपाटीचा आधार बांधणे. पण पहिली फेरी टाळून चालत नाही. घाव बसल्यावर त्याच दिवशी बोटांच्या अग्रांना कापसाचा बोळा लावून स्पर्श कळतो काय ते पाहावे आणि अंगठा तळहातापासून वर उचलता येतो काय ते पाहावे. यांतील एक जरी गोष्ट जमली नाही, तरी टाक्यांवर समाधान न मानता मोठ्या रुग्णालयात जावे. पहिल्या काही दिवसांत शिवलेला मज्जातंतू आणि वर्षाने शिवलेला मज्जातंतू यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

शिवल्यानंतर कोंब पुढे सरकतो आहे की नाही, हे कळण्याचे एक साधन मात्र प्रत्येकाजवळ आहे आणि त्याला वीजही लागत नाही. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना तपासताना, फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल आणि जर्मनीत पॉल हॉफमन या दोघांनी, दोन शत्रुराष्ट्रांत बसून, एकाच वर्षी ते नोंदविले. मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने हलकेच टकटक करीत जावे. वाढता कोंब जेथवर आला असेल, तेथे टकटक केल्यावर बोटांच्या टोकांकडे मुंग्या आल्यासारखी झिणझिण उमटते. त्या जागी पेनाने खूण करतात आणि तारीख घालतात. पुढच्या महिन्यात रुग्ण येतो, तेव्हा पुन्हा टकटक होते. पहिली खूण पुसट झालेली असते. नवी खूण तिच्या पुढे, बोटांच्या दिशेने, दोन-तीन सेंटिमीटरांवर पडते.